सातवा कॅन

१

दसऱ्याच्या सकाळी गावात पहिला गलका व्हावा तो आपट्याची पानं वाटत हिंडणाऱ्या पोरांचा. न्हावऱ्यात पोपटरावांच्या वस्तीवर मात्र दिवस उगवला तो खुद्द पोपटरावांच्या आरोळीनं.

"आरं, उठा! समदं फोडून टाकलं रं कुनीतरी!"

सुषमाआत्या ही पोपटरावांची थोरली बहीण. दौंड जंक्शनला रेल्वे पोलिसात हवालदार म्हणून सारी नोकरी काढलेली, आता निवृत्त. खिसेकापूंच्या मागं पळून पळून गुडघे गेले होते, पण कान आणि जीभ अजून ड्यूटीवर होती. भाची लांबच्या प्रवासाला निघणार म्हणून आदल्या दिवशी त्या एसटीनं माहेरी आल्या होत्या. आरोळी ऐकून पदर खोचत त्या बाहेर आल्या तोवर घर अंगणात गोळा झालं होतं.

पत्र्याच्या शेडखाली जीप उभी होती. पोपटरावांनी सोसायटीचे चेअरमन असताना मोठ्या थाटात घेतलेली, आणि पुढं बरीच वर्षं कोंबड्यांनी अंडी घालायला वापरलेली. पोपटरावांच्या मुलीनं, तेजश्रीनं, तिला कोंबड्यांच्या तावडीतून सोडवली. पाबळला शिकलेली यंत्रदुरुस्तीची विद्या आणि शिरूरच्या सत्तारभाईंच्या गॅरेजातला त्यांचा पुतण्या मुजीब, या दोन्हींच्या जोरावर तिनं ती वाळवंटासाठी नव्यानं उभी केली. चारही चाकांना जोर देणारा गिअर उघडून बसवला, डिझेलची दुसरी टाकी घातली, धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून हवेचा पाइप पार टपापर्यंत नेला, वाळूत चाक रुतलं तर खाली सारायला भोकाच्या पत्र्याच्या पट्ट्या बाजूला टांगल्या.

आज दुपारी पुण्याहून येणारा गाड्यांचा ताफा शिरूरच्या बायपासवर तिच्यासाठी थांबणार होता. शितल नावाची तिची जोडीदारीणही तिथंच जीपमध्ये चढणार होती. तिथून नगर, धुळे करत राजस्थान, आणि पुढं जिथं रस्ता नाही, विहीर नाही, हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही, अशी नुसती वाळू. वाटेत कुणाची गाडी बिघडली तर दुरुस्ती तेजश्रीकडं. एवढी एक सफर निभावली की असल्या गाड्या तयार करायचं काम तिला कायमचं मिळणार होतं. ताफा मात्र कुणासाठी दुसरा दिवस थांबणारा नव्हता.

जीपला ओरखडाही नव्हता. काल खंडेनवमीला तिची साग्रसंगीत पूजा झाली होती आणि पुढच्या चाकापुढची रांगोळीसुद्धा मोडली नव्हती. फोडले होते ते मागं भरून ठेवलेले पिण्याच्या पाण्याचे पांढरे कॅन. सगळेच्या सगळे अंगणापलीकडं, रस्त्याच्या कडेच्या मुरुमात पडलेले, प्रत्येकाच्या बुडाला भोकं आणि पाणी मुरुमानं पिऊन टाकलेलं.

तेजश्री तिथं उकिडवी बसली होती. 

"पोपट, जीव का काढतोस? कॅनच फुटल्यात," आत्या म्हणाल्या.

"आक्का, कॅनचं न्हाई वाईट वाटत. ज्यानं आज पान्याला हात लावला, त्यो उद्या ब्रेकला लावंल. माझ्या दारात कोनीतरी वैरी हाय. त्यो कोन ह्ये कळल्याबिगर गाडी हालनार न्हाई. लिहून ठिवा!"

त्यांनी एक कॅन उचलून भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. प्लॅस्टिक कापलेलं नव्हतं, वितळून आत वळलं होतं.

"ह्ये जाळून पाडल्यात. आन् जाळून भोक पाडायचं यंत्र आपल्या वस्तीवर एकाच मान्साकडं हाय."

सगळ्यांच्या माना मुजीबकडं वळल्या. तो काल रात्री वस्तीवरच मुक्कामाला होता.

२

मुजीबच्या तोंडचं पाणी पळालं. वायर जोडायचं डाग देण्याचं यंत्र त्याच्या पेटीत होतं हे खरंच होतं. पोपटराव तावातावानं मोबाईल काढून सत्तारभाईंना बोलवायला लागले.

तेव्हा तेजश्री पहिल्यांदा बोलली. "आबा, मुजीबवर आळ ठिवून मी बी जानार न्हाई. ताफा गेला तरी चालंल."

झालं! बाप म्हणतो वैरी सापडल्याशिवाय गाडी हलणार नाही, लेक म्हणते मुजीब सुटल्याशिवाय मी हलणार नाही. एका घरात दोन हट्टी माणसं असली की तिसऱ्यालाच पळापळ करावी लागते. आत्यांनी पोपटरावांच्या हातातला मोबाईल काढून घेतला.

"सत्तारभाईंना येऊ दे, पन पोराला बोल लावायला न्हाई. मला जरा वेळ दे. आन् कुनीतरी चहा टाका. उपाशीपोटी मला कोनीच निर्दोष दिसत न्हाई."

चहा आणायला वहिनी, म्हणजे पोपटरावांची बायको सारिका, लगबगीनं आत गेली. या घरात पोरीच्या बाजूनं पहिल्या दिवसापासून उभी राहिलेली ती एकटी. 'पोरीनं ट्रॅक्टर हाकला तवा कौतुक केलं, मग जीप हाकली तर पोटात का दुखतंय?' असं तिनं नवऱ्याला तोंडावर विचारलं होतं. आज मात्र तिचा चेहरा पार उतरला होता. आत्यांना तिची दया आली.

मुजीबला घेऊन आत्या ओसरीवर गेल्या. तिथं कालची पूजा मांडलेली होती. कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचं सामान आणि शेवटी मुजीबची पेटी, झाकण उघडून. नवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा या घरचा जुना रिवाज. डाग द्यायचं यंत्र पेटीत वरच होतं. त्याच्यावर हळदी-कुंकवाचं बोट वाळलेलं आणि झेंडूचं फूल जसंच्या तसं.

"ह्याला तू हात लावला न्हाईस," आत्या म्हणाल्या.

"आत्या, आमचे चाचा बी गॅरेजात खंडेनवमीला हत्यारांना हार घालत्यात. पूजेतलं यंत्र मी उचलीन व्हय? आन् एवढा जीव ओतलाय त्या गाडीत. माझीच गाडी मीच कशाला मोडू?"

"काल पानी कोनी भरलं?"

"मी आन् तेजश्रीनं. वहिनीसायबांनी परवा समदं घासून वट्ट्यावर पालथं घातलं व्हतं, सनाचं. तिथनं कॅन उचलत गेलो, पान्याच्या प्लांटवर भरत गेलो. जागा मी सहाचीच केली व्हती, तर भरलेलं निघालं सात. म्हनलं, वाळवंटात पानी जास्त झालं म्हनून कोन रडतंय? सातवा सीटमागं दोरीनं बांधला."

"पहाटं काय आवाज आला?"

"न्हाई वो."

आत्या जीपच्या मागं गेल्या. काल दाराला आडवी बांधलेली झेंडूची माळ दारावर नव्हती. ती तुटलीही नव्हती. गाठ सोडून, नीट घडी घालून कुणीतरी ती ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली होती. दोरीसुद्धा वेटोळं करून बाजूला. नोकरीत त्यांनी चोर पुष्कळ बघितले होते. नासधूस करायला आलेला माणूस देवाची माळ घडी घालून ठेवतो, असं एकदाही बघितलं नव्हतं.

"वैरी हाय, पन देवाधर्माचा हाय," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात रस्त्यावर कंपनीची बस थांबली. रांजणगावची रात्रपाळी करून पोपटरावांचा मुलगा सत्यजीत उतरला. त्यानं फुटके कॅन बघितले आणि तो जागीच थबकला.

तेजश्री ताडकन उठली. "झालं समाधान तुझं?"

३

ती असं का म्हणाली हे साऱ्या न्हावऱ्याला ठाऊक होतं. जीप तयार होत आली तसं सत्यजीतला वाटायला लागलं की गाडी बापाची, मग वाळवंटात ती आपण हाकावी. तेजश्रीनं नाही म्हटलं. मग पंधरवड्यापूर्वी एसटी स्टँडवर, चार लोकांसमोर, पठ्ठ्या बोलून गेला होता, "जा एकटी! पान्याबिगर तडफडशील तवा ह्या भावाची आठवन येईल!"

आत्यांनी त्याला आंब्याखाली नेऊन बसवलं. "खरं बोल. अजून राग हाय?"

"राग कवाच गेला, आत्या. बोललो तवाच गेला. पन शब्द बाहेर पडला, त्याला काय करू? माफी मागायला गेलो तर ती गाडीखाली झोपून पाना फिरवत बसती. तोंड दिसंल तवा मागू ना?" तो डोळे चोळत म्हणाला. "ते कॅन मीच आनून दिलं तिला. कंपनीच्या कँटीनचं, खाद्यतेलाचं रिकामं. आन् मीच फोडीन?"

"तू कसा फोडशील? तू आत्ता बसमधनं उतरलास."

त्याला पाठवून आत्यांनी पोपटरावांना बोलावलं. थोरल्या बहिणीपुढं चेअरमनकी चालत नाही. ते मुकाट्यानं येऊन बसले.

"पोपट, सगळ्यात जास्त विरोध तुझा व्हता."

"व्हय. आजबी हाय. भ्या वाटतं मला." ते जमिनीकडं बघत म्हणाले. "पन आक्का, मला गाडी थांबवायची असती तर चार चाकांची हवा सोडली असती, डिझेल काढून घेतलं असतं. कॅन कशापायी फोडू? शिरूरच्या बाजारात पायलीचं पन्नास मिळत्यात."

आत्यांच्या हातातला कप तोंडाशीच थांबला.

भाऊ रागाच्या भरात लाखमोलाचं बोलून गेला होता. डिझेलच्या टाक्या भरलेल्या, टायर शाबूत, किल्ली खिळ्याला जागच्या जागी. गाडी अडवायची असती तर कॅन फोडून काहीच साधत नव्हतं. म्हणजे ज्यानं कॅन फोडले त्याला गाडी अडवायचीच नव्हती!

मग कॅनच का? आत्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि रस्त्याच्या कडेला गेल्या. त्यांनी एक कॅन उलटा करून उन्हात धरला. नीट बघितलं तर भोक गोल नव्हतं. मुजीबच्या यंत्राचं टोक पेन्सिलीसारखं, आणि हे भोक चपटं, दोन बोटं रुंद. आणि एका कॅनला एकच नाही, तीन-तीन. नुसतं पाणी सांडायचं असतं तर झाकण उघडून आडवा केला तरी चाललं असतं. हा कॅन पुन्हा कधी, कुणीही भरू नये, एवढ्यासाठी तो फोडला होता. आपल्याकडं रिकामा कॅन कोण टाकतं? तो न्हाणीत जातो, गोठ्यात जातो, शेजारीण मागून नेते. त्याला मरण येतं ते भोक पडल्यावरच.

आणि पाणी? जीपपासून चार पावलांवर गुरांचा हौद होता, शेजारी सारिकाची मोगऱ्याची आळी होती. जिथं पाण्याचा थेंब झेलून ठेवायची सवय, तिथं भरलेले जड कॅन उचलून पार रस्त्याच्या मुरुमात नेले होते. जिथं गाय जात नाही, कोंबडी जात नाही.

कॅन फोडणारा माणूस गाडीला भीत नव्हता. तो त्या पाण्याला भीत होता.

आत्या कॅन खाली ठेवून वळल्या. त्यांनी हाक मारली, "सत्या! इकडं ये. तू उसाला तणनाशक मारतोस, ते कशात कालवतोस?"

४

सत्यजीत जवळ आला. "कॅनमदी. कँटीनचाच एक ठिवलाय त्यासाठी. कडीला लाल चिंधी बांधलीया, कुनी पानी पिऊ नये म्हनून."

"दाखव."

फवारणीचा पंप ओसरीवर पूजेत होता, म्हणून दोघं गोठ्यामागच्या खोपीत गेली. तिथं पंपाची जागा रिकामी होती. शेजारची कॅनची जागाही रिकामी होती. सत्यजीतनं पेंढा उचकला, पोती हलवली, आणि मग तो हळूहळू खालीच बसला. तो ढ नव्हता. त्याच्याही ध्यानात आलं होतं.

"सातवा," तो म्हणाला.

"व्हय. सनाचं सगळं घासलं, चिंधी निघाली, आन् सात भाऊ एकासारखं एक दिसाय लागलं. मुजीबनं वट्ट्यावरनं उचललं आन् भरलं."

"धुतलं तरी ते प्लॅस्टिकात मुरतं, आत्या. डब्यावर लिहिलेलं असतं. आन् तिकडं ना डाक्तर, ना दवाखाना..." मग एकदम त्याचा चेहरा आणखीच पांढरा पडला. "आन् कॅन माझा! मी पान्यावरूनच बोललो व्हतो, समद्या स्टँडसमोर. तिला काय झालं असतं, तर लोक म्हनलं असतं, सख्ख्या भावानं..."

आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "काय झालं न्हाई. कुनाला तरी ह्ये वेळेत कळलं. विषाचा कॅन कोनचा ह्ये ओळखू येईना, म्हनून त्यानं सातीच्या साती फोडलं. आन् ज्यानं फोडलं त्यानं तुझंबी नाव वाचवलं."

"मग त्यानं सांगितलं का न्हाई?"

हा प्रश्न खरा होता. आत्या खोपीच्या दारात उभ्या राहिल्या. तिथून न्हाणीघर दिसत होतं. सकाळी तोंड धुताना तिथं प्लॅस्टिक जळल्याचा वास आला होता. पाणी तापवायची चूल पेटवायला कुणी पिशवी घातली असेल, म्हणून त्यांनी तिकडं लक्ष दिलं नव्हतं.

आणि आवाज? मुजीब म्हणाला आवाज आला नाही. पोपटनंही काही ऐकलं नव्हतं. भरलेले सात कॅन उचलून नेले आणि कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. असं कसं होईल? प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर झोपून ज्यांची झोप कायमची हलकी झाली, त्या आत्या तर ओसरीलगतच्या खोलीत होत्या. त्यांनी मन घट्ट करून पहाट आठवली.

त्यांनी ऐकलं होतं की! दार करकरलं होतं, पाणी डुचमळलं होतं, कुणीतरी जड काही ठेवताना हुंकारलं होतं. ऐकूनच त्यांनी कूस बदलली होती. घरोघरी पहाटे एकच माणूस असा आवाज करत हिंडतो आणि घरातलं कुणीच त्या आवाजानं उठत नाही. तो आवाज ऐकून उलट झोप जास्त गाढ लागते.

आत्या स्वतःवरच चिडल्या. हवालदारीण कसली, त्याही बाकीच्यांसारख्याच निघाल्या होत्या.

५

स्वयंपाकघरात पुरणाचा वास सुटला होता. सारिका चुलीपुढं बसून पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी ती नुसत्या बोटांनी उलटत होती. मध्येच बोट पोळलं की कानाच्या पाळीला लावायची. आत्या तिच्याशेजारी पाटावर बसल्या.

"सारिका, उलथनं कुठाय गं?"

पोळी तव्यावर तशीच राहिली. तिची एक बाजू काळी पडायला लागली, तरी सारिकाचा हात पुढं झाला नाही.

"वन्सं..."

"घरातलं समदं लोखंड पूजेत. कोयता, खुरपं, इळती सुद्धा. सनाच्या सैपाकाला लागतं म्हनून तवा आन् उलथनं एवढंच बाहेर ऱ्हायलं. न्हानीच्या चुलीत ते लाल केलंस. त्याच्यावर प्लॅस्टिक चिकटलं, आता ते पोळीला कसं लावशील?" आत्यांनी फडक्यानं धरून तवा खाली उतरवला. "माझा तुझ्यावर राग न्हाई. उलट पाया पडावं वाटतंय. पन मला सांग, चिंधी कवा दिसली?"

सारिकाला रडूच कोसळलं. कालपासून कोंडलेलं... कालपासून कसलं, पहाटेपासूनचंच, पण तेवढ्या वेळात तिनं वर्षभराचं भोगलं होतं.

"पहाटं चूल पेटवाय घासनीजवळचा केर गोळा केला, त्यात ती लाल चिंधी व्हती. सत्याच्या हातची गाठ. सनाच्या घाईत मीच कापली व्हती, वन्सं! कोयत्याच्या मुठीची चिंधी, पंपाची सुतळी, समदं कापत सुटले. हात आपलं आपलं चालत व्हतं. माझ्या हातानं मी माझ्या पोरीच्या पान्यात..."

"गप. तू घातलं न्हाईस. सनानं घातलं. आन् तू काढलंस."

"माळ सोडताना देवाला म्हनलं, पूजेतल्या गाडीला हात लावते, पाप मला लाव."

"मग पोपटला का न्हाई उठवलंस?"

सारिकानं डोळे पुसले. आता तिच्या आवाजात धार आली. "त्यांना उठवून काय सांगू? ते म्हनले असते, बघ, आईच्याच हातनं इघ्न आलं, द्येवाचीच इच्छा न्हाई. गाडी कायमची कोंबड्यांना गेली असती. आन् गावाला कळलं असतं की सत्याच्या विषाचा कॅन पोरीच्या गाडीत निघाला. स्टँडवर काय बोलला ह्ये समद्यांनी ऐकलंय. कोन म्हनलं असतं, चुकून गेला? एकीचं जानं जाईल, दुसऱ्याचं नाव जाईल. म्हनलं, फोडून टाकावं, लोक समजत्याल कुन्या टवाळाचं काम. सकाळी नवं कॅन आनतील आन् जाईल पोरगी." ती थांबली. "त्या मुजीबवर जाईल असं सपनात बी आलं न्हाई."

चोर सोडून संन्याशाला सुळी, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस आपल्या दोन लेकरांना वाचवायला धावतं तेव्हा तिसऱ्याच्या लेकराला धक्का लागतो, हे धक्का लागल्यावरच दिसतं.

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. सत्तारभाई आले होते.

"मी सांगू का?" आत्यांनी विचारलं. "गोड करून सांगीन."

सारिकानं पदर सारखा केला. "न्हाई वन्सं. दुसऱ्याच्या पोरावर आळ आलाय. तो माझा मलाच उतरवाय पायजे."

६

सत्तारभाई अंगणात उभे होते. साठी उलटलेला, टोपीखाली पांढरे केस असलेला माणूस. ते मोठ्यानं काही बोलत नव्हते आणि त्यामुळंच पोपटरावांना त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"चेअरमन, तुमचा ट्रॅक्टर माझ्या वडलांनी खोललाय. आमच्या हातनं तुमचा एक नट तरी ढिला ऱ्हायला का कवा?"

तेवढ्यात सारिका पायरी उतरून आली. हात पोळीच्या पिठानं भरलेले होते. आयुष्यभर ती अंगणातल्या बैठकीत बोलली नव्हती, चहा देऊन आत गेली होती. आज ती मधोमध उभी राहिली.

"सत्तारभाई, मुजीबनं काय केलं न्हाई. कॅन मी फोडल्यात."

आणि तिनं सगळं सांगितलं. चिंधीपासून उलथन्यापर्यंत, काहीही न लपवता. सांगताना तिनं सत्यजीतचा हात धरून ठेवला होता. आत्या मागं उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या मनात आलं की नोकरीत इतके कबुलीजबाब ऐकले, पण इतका सरळ एकही नव्हता.

तेजश्री सावकाश चालत सत्यजीतसमोर आली.

"दादा, मघाशी बोलले ते..."

"मी बी बोललो व्हतो की स्टँडवर," तो म्हणाला. "फिट्टंफाट." आणि दोघंही दुसरीकडं बघायला लागली.

पोपटरावांचा चेहरा दगडासारखा झाला होता. ते बायकोकडं वळले. "मला का न्हाई उठवलंस?"

"तुम्ही गाडी थांबवली असती."

खोटं बोलायची चांगली संधी होती. पण पोपटराव म्हणाले, "व्हय. थांबवली असती." मग मुजीबपुढं जाऊन त्यांनी हात जोडले. "चुकलो गड्या. तुझ्या चाचापुढं सांगतो, चुकलो."

मुजीबनं घाईघाईनं ते हात खाली केले. "आबा, आसं नका करू. ऊन चढाय लागलंय. शिरूरला जाऊन कॅन आनू का?"

म्हणजे गाडी जाणार की नाही, हे त्यानं मोठ्या हुशारीनं विचारून घेतलं होतं. सगळे पोपटरावांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांची अट पुरी झाली होती, वैरी कोण ते कळलं होतं. पण विरोध तर अटीच्या आधीपासूनचा होता. विष, वाळवंट, आईच्या हातची चूक, आता तर नाही म्हणायला त्यांच्याकडं हवी तेवढी कारणं होती.

"जा," ते म्हणाले. "सत्यालाबी घेऊन जा. नवं कोरं आना, सील असलेलं. वास घेऊन बघा."

दोघं मोटारसायकलवर गेले आणि दोरीनं बांधलेला कॅनचा डोंगर घेऊन आले. पाण्याच्या प्लांटवर या वेळी पोपटराव स्वतः गेले. प्रत्येक कॅन दोनदा विसळला, आपल्या देखत भरून घेतला. तोवर आत्यांनी पूजा उतरवली. सत्तारभाईंनी बॉनेट उघडून एकेक नळी चाचपली, चाकांच्या नटांवर पाना फिरवून बघितला, आणि वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करायची, बाहेर आल्यावर पुन्हा भरायची, हे तेजश्रीला ठाऊक असलेलंच पुन्हा एकदा सांगितलं. तिनंही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

कॅन गाडीत चढवायची वेळ आली तेव्हा पोपटरावांनी हात आडवा केला.

"थांबा. आधी पेला आना."

त्यांनी पहिल्या कॅनचं झाकण उघडलं, पेलाभर पाणी काढलं आणि सगळ्यांसमोर गटागटा पिऊन टाकलं. जरा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "हा चढवा." मुजीबनं कॅन चढवला. दुसऱ्यातला पेला प्यायले. "हा चढवा." तिसरा, चौथा. कुणी हसलं नाही. तेजश्री स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या रस्त्याकडं बघत होती, पण तिला रस्ता दिसत नसणार, कारण तिचे डोळे भरून आले होते. आत्यांनी बघितलं, ज्या माणसाला पोरीला पाठवायची भीती वाटत होती, तो माणूस तिच्या वाटची सगळी भीती पेल्या पेल्यानं स्वतः पिऊन घेत होता.

शेवटचा कॅन उरला. पोपटरावांनी पेला भरला. या वेळी ते प्यायले नाहीत. अंगण ओलांडून पायरीपाशी उभ्या असलेल्या सारिकाकडं गेले आणि पेला तिच्यापुढं धरला.

"ह्यातलं तू पी. तू म्हनशील तरच चढवायचा."

सारिकानं नवऱ्याकडं बघितलं. पीठ लागलेल्या दोन्ही हातांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "चढवा."

तेजश्रीनं गाडी सुरू केली.